शेतातून काय बाहेर जाते

जुलै २०२२ मध्ये, महाराष्ट्राच्या तोंडी सुरतेचे नाव अगदी वेगळ्या, राजकीय कारणाने असताना, तिथे नैसर्गिक शेतीचे एक मोठे संमेलन भरले. तारीख १० जुलै. पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीवरून बोलले आणि सुरत जिल्ह्याचा आकडा देशापुढे आला: साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायती, प्रत्येकीतून ७५ शेतकरी, ९० गटांत मिळून ४१ हजारांवर लोकांना प्रशिक्षण. स्वातंत्र्याचे पंचाहत्तरावे वर्ष, म्हणून पंचायतीमागे ७५. साडेपाचशेला पंचाहत्तरने गुणले की ४१,२५० येतात. आकडा आधी ठरला, शेतकरी मागून आले.

हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. सरकारी माणसाला बांधापर्यंत जायला काहीतरी उद्दिष्ट हातात लागते आणि युरियाच्या गोणीशिवाय दुसऱ्या कशाबद्दल गावोगाव सभा झाल्या, हे चांगलेच झाले. पण ४१ हजार ही माणसांची मोजदाद आहे. मातीचे काय झाले हे त्यातून कळत नाही आणि या पुस्तकाला रस आहे तो मातीत. सुरतेसारख्या ठिकाणी तिची तब्येत का ढासळली, ती सुधारायची म्हणजे नक्की काय करायचे आणि सुधारली हे ओळखायचे कसे, एवढ्याच तीन गोष्टींभोवती पुढची सगळी पाने फिरतात.

मातीची तब्येत म्हटले की आपल्याकडे मृदा आरोग्य पत्रिका पुढे केली जाते. ही देशव्यापी योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली, तीही राजस्थानातल्या सुरतगढला. गुजरातेत अशा पत्रिका त्याच्या बऱ्याच आधीपासून वाटल्या जात होत्या. पत्रिकेवर बारा रकाने असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. मग जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. कागद उपयोगाचा आहे, फेकून देण्यासारखा नाही. मात्र बारापैकी अकरा रकाने निव्वळ रसायनशास्त्राचे आहेत. जमिनीत जिवंत काही आहे का, पाऊस पडला की पाणी आत मुरते की वरून वाहून जाते, ढेकूळ हाताने फुटते की पहारीने, यांपैकी कशालाच तिथे जागा नाही. सेंद्रिय कर्बाचा एकुलता एक रकाना या सगळ्याचा वास देतो, आणि शेतकरी सहसा तोच सोडून बाकीचे वाचतो. कारण खत किती टाकायचे ते बाकीच्यांवरून ठरते.

सुरतेची जमीन मुळात गरीब नाही. तापीने हजारो वर्षे आणून पसरलेला गाळ आणि भोवतीची काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी माती. याच मातीच्या प्रतवारीवर इंग्रजांनी सारा बसवला होता आणि बारडोलीत तो २२ टक्क्यांनी वाढवल्यावर १९२८ चा सत्याग्रह उभा राहिला. नंतरच्या चौकशी समितीने योग्य वाढ सहा टक्क्यांच्या आसपास ठरवली. जमिनीतून किती निघते यावरून एवढे रण माजले. जमिनीत परत किती जाते, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडायचे कारणही नव्हते. शेण, पालापाचोळा, तुरीचा पाला हे सगळे आपसूक परत जात होते.

चित्र पालटले ते पाण्याने. पन्नासच्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले आणि ज्वारी-कापसाच्या मुलखात कालवे वाहू लागले. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना १९५५ चा. पाठोपाठ मढी, चलथाण, सायण, कामरेज, महुवा. बागायत आली, ऊस आला, पैसा आला, गावात पक्की घरे झाली. हे नाकारण्यात अर्थ नाही. याच सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस तयार केला आणि १९७० मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती पडला. दरवर्षी नवे बियाणे, त्याला साजेसे खत आणि पाणी, हा जो शिरस्ता पुढे खानदेश-विदर्भातल्या प्रत्येक कपाशीच्या शेतात पोचला, त्याची एक मुळी सुरतेत आहे. तेव्हा सुरत या विषयाला केवळ गाव म्हणून आलेली नाही. जास्त घालून जास्त काढायची शेती इथे लवकर रुजली, फोफावली आणि तिचे परिणामही इथे लवकर दिसले.

परिणाम कोणते? काळ्या जमिनीत पाट सोडून भिजवायची सवय लागली, निचरा कुणी केला नाही. कालव्याच्या लाभक्षेत्रात पाण्याची पातळी वर आली, ओलपाडकडच्या खाडीलगतच्या पट्ट्यात मुळातच खार होता, तो वाढला. सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. कृष्णाकाठी चोपण झालेली राने त्याने पाहिली आहेत. उसामागे ऊस आणि खोडव्यामागे खोडवा घेत गेल्याने द्विदल पीक रानातून हद्दपार झाले. ४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळत असताना गावखत ओढायची तसदी कोण घेणार? आणि ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, बैलांबरोबर शेणही गेले.

या रेट्याला फार आधी आणि फार शांतपणे नकार देणारा माणूस याच दक्षिण गुजरातेत होता आणि तो आपल्यातला होता, हे मराठी वाचकांना फारसे माहीत नसते. भास्कर हिराजी सावे. जन्म २७ जानेवारी १९२२, गाव उंबरगावजवळचे देहरी. वाडवळ समाजातले, पेशाने शाळामास्तर. उंबरगाव तालुका १ मे १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. राज्ये वेगळी झाली तेव्हा तो सुरत जिल्ह्याला जोडला गेला आणि साठच्या दशकातच वलसाड जिल्हा निघाल्यावर तिकडे गेला. म्हणजे सावे गुरुजींनी आपली वाट बदलली त्या काळात त्यांचे शेत काही वर्षे सुरतेतच मोडत होते.

पन्नासच्या दशकात त्यांनी रासायनिक खते हौसेने वापरली, इतरांनाही वापरायला लावली, आदर्श शेतकरी म्हणून नाव मिळवले. मग हिशेब करताना त्यांच्या लक्षात आले की उत्पन्न टिकवण्यासाठी दर वर्षी खत वाढते आहे आणि हातात उरणारा पैसा काही वाढत नाही. त्यांनी उलट दिशा धरली. ‘कल्पवृक्ष’ हे त्यांचे रान जेमतेम १४ एकरांचे. त्यातल्या दहाएक एकरांत नारळ आणि चिकू यांची मिश्र बाग, दोनेक एकरांत भात आणि इतर हंगामी पिके, उरलेल्यात नारळाची रोपवाटिका. नांगरट नाही, फवारणी नाही. झाडाच्या बुंध्याशी पाणी द्यायचे नाही; ओळींमधल्या चरांत द्यायचे, म्हणजे मुळे पाण्याच्या मागे लांब जातात आणि बुंध्याजवळची जमीन हवा घेत राहते. झावळ्या, पाने, तण जिथले तिथे पडू द्यायचे. जपानचे मासानोबु फुकुओका हे रान पाहून गेले आणि त्यांनी तोंड भरून कौतुक केले. २०१० मध्ये सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेने गुरुजींना जीवनगौरव दिला. २४ ऑक्टोबर २०१५ रोजी ते गेले.

२००६ मध्ये त्यांनी डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना एक लांबलचक खुले पत्र लिहिले होते. हरितक्रांतीवरचा आरोप म्हणून ते गाजले. मला त्यातला उसाच्या अफाट पाण्यावर टीका करणारा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बागायती पट्ट्याच्या तोंडावर असे बोलायला धाडस लागते. गुरुजींचे सगळेच पटावे असे नाही. किनारपट्टीवरची, भरपूर पावसाची, बारमाही सावलीची बाग आणि साक्री-शिंदखेड्याचे उघडे रान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नारळाखाली जे साधते ते कपाशीखाली जसेच्या तसे साधत नाही. पण एक गोष्ट त्यांनी करून दाखवली: रानाबाहेर फक्त फळ गेले, बाकी सगळे रानातच राहिले.

दुसरे नाव सुभाष पाळेकर. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, १९४९ चा जन्म, २०१६ मध्ये पद्मश्री. स्वतःच्या शेतात ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर रासायनिक शेतीचे उत्पादन घसरताना पाहून ते जंगलाकडे वळले आणि जीवामृत, बीजामृत, आच्छादन, वाफसा अशी चौकट त्यांनी बांधली. आज सुरतेच्या गावागावांत कृषी खात्याचे लोक जे शिकवतात, ते बहुतांशी याच विदर्भी चौकटीतले आहे. राज्यपाल आचार्य देवव्रत यांनी गुजरातेत नैसर्गिक शेती जवळजवळ व्रतासारखी चालवली. देशी गाय सांभाळणाऱ्या नैसर्गिक शेतकऱ्याला राज्य सरकार महिना ९०० रुपये देऊ लागले.

जीवामृताची कृती आता पाठ झाली आहे: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवायचे, काठीने ढवळायचे, एकरभर द्यायचे. आता यातले नत्र मोजू. ओल्या शेणात फार तर अर्धा टक्का, म्हणजे ५० ग्रॅम. गोमूत्रात एक टक्का धरला तर १०० ग्रॅम. दोन किलो बेसनात ७० ग्रॅमच्या आसपास. एकूण पाव किलोच्या आत. महिन्यातून दोनदा दिले तरी वर्षाकाठी एकराला पाच-सहा किलो. उसाची शिफारस हेक्टरी अडीचशे किलोच्या घरात, म्हणजे एकरी शंभर. एवढ्या आकड्यांवर टीकाकार हसून मोकळे होतात. समर्थक सांगतात की हे खत नव्हेच, हे विरजण आहे. जमिनीतल्या जिवाणूंना चालना देते. समर्थकांचे म्हणणे मान्य करू. पण विरजणाला दूध लागते. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या उघड्या, तापलेल्या रानात ड्रमभर जीवामृत ओतले तर लागायचे कशाला?

पाळेकरांनी स्वतः आच्छादनावर जीवामृताइतकाच भर दिला आहे. प्रचारात मात्र ड्रम पुढे आला आणि आच्छादन मागे पडले. कारण उघड आहे. ड्रमचा फोटो निघतो, ड्रमला अनुदान देता येते, ड्रम मोजता येतात. पाचट न जाळण्याचा फोटो कसा काढणार?

आणि सुरतेत दूध म्हणजे पाचटच. ऊस तुटल्यावर हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात पडते. त्यात नत्र अर्धा टक्का, स्फुरद ०.२, पालाश ०.७ ते १ टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. हिशेब केला तर एका हेक्टरात ४० ते ५० किलो नत्र, त्याच्या दीड ते दोन पट पालाश आणि अडीच ते चार टन कर्ब फुकट पडलेला असतो. खोडव्याला वाट मोकळी करायची म्हणून त्याला काडी लावली जाते. पाऊण तासात रान काळे, नत्र आणि कर्ब आकाशात. महाराष्ट्रातही हेच चालते आणि ‘पाचट जाळू नका’ हे कृषी विद्यापीठांचे सांगणे इतके जुने आहे की आता ते कुणाला ऐकूच येत नाही.

पाचट ठेवणे सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यात कर्ब फार आणि नत्र थोडे. कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. म्हणून कृषी खाते पाचटावर थोडा युरिया, थोडे सुपर फॉस्फेट आणि जिवाणू संवर्धक टाकायला सांगते. नैसर्गिक शेतीचा कट्टर अनुयायी युरियाला हात लावणार नाही. तो चवळी-उडीद-ताग घेईल, जीवामृत देईल, एक-दोन वर्षे कमी ऊस सोसेल. मी या वादात मध्यममार्गी आहे. पहिल्या वर्षी पाचट कुजवण्यापुरता युरिया वापरून काडीपेटी कायमची खिशात गेली, तर तो सौदा मातीच्या फायद्याचा आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बिननांगरटीची पद्धत बसवली. गादीवाफे एकदाच करायचे, मुळे जमिनीतच कुजू द्यायची. त्यात तणनाशक वापरले जाते म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतात. त्यांचा आक्षेप निराधार नाही. पण नांगर थांबल्याने मातीचा जो फायदा होतो, तोही तणनाशकाच्या नावाखाली झाकून टाकता येणार नाही.

आता वेळेचा हिशेब, कारण बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. एक हेक्टर जमिनीचा वरचा वीतभराहून कमी, म्हणजे १५ सेंटिमीटरचा थर साधारण २० लाख किलो भरतो. त्यातला सेंद्रिय कर्ब ०.५ वरून ०.६ टक्क्यावर न्यायचा तर दोन टन कर्ब टिकून राहायला हवा. पाचटातून वर्षाला साडेतीन टन मिळाला तरी त्यातला बहुतेक भाग जिवाणू खाऊन श्वासावाटे सोडून देतात. टिकतो दहा-पंधरा टक्के. म्हणजे वर्षाला फार तर अर्धा टन. एका दशांशाला चार ते सहा वर्षे, तीही जुना कर्ब नांगरटीने उडवला नाही तर. एका हंगामात माती ‘जिवंत’ करून देणाऱ्या बाटल्या बाजारात भरपूर आहेत. त्या घेणाऱ्याने हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहावा.

काही दुखणी या मार्गाने बरी होत नाहीत. सोडियमने चोपण झालेल्या जमिनीला जिप्सम आणि निचरा लागतो. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या परिसरात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड राने पुन्हा पिकाखाली आणली गेली, तशी कामे ओलपाडकडच्या जमिनीलाही लागतात. आधी पाणी बाहेर, मग पाचट आत. हा क्रम उलटा केला तर पाचट कुजण्याऐवजी सडते.

देशपातळीवर हा वाद अजून मिटलेला नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने शून्य खर्चाच्या शेतीला शास्त्रीय आधार नाही, सरकारने तिच्यामागे धावू नये, असे स्पष्ट कळवले होते. २०२१ मध्ये श्रीलंकेने एका फटक्यात रासायनिक खते बंद केली आणि काही महिन्यांत निर्णय मागे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुजरातेतला डांग हा पूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर झाला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राने २,४८१ कोटींच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती मोहिमेला मंजुरी दिली. लक्ष्य एक कोटी शेतकरी. डांगचे कौतुक करावे, पण डोंगरउतारावरच्या नागली-भाताला तिथे खत पोचलेच होते कितीसे? खरी परीक्षा बारडोलीच्या उसात आहे.

डांग आणि बारडोली यांचा आणखी एक संबंध आहे आणि मातीवरच्या पुस्तकांत तो सहसा येत नाही. बारडोलीचा ऊस तोडायला माणसे येतात डांगातून, धुळ्या-नंदुरबारातून. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या टोळ्यांवर सत्तरच्या दशकापासून लिहिले आहे. मजुरी टनावर, मुक्काम पालात, हातखर्चाला वाढे विकायची. पाचट सरीआड पसरून ठेवायचे काम अखेर याच हातांनी व्हायचे आहे आणि त्याचा दर टनाच्या दरात कुठेच धरलेला नसतो. आगीने काम फुकट होते, म्हणून आग लागते. शेतकऱ्याचे प्रबोधन हवेच; पण पाचट पसरायचे एकरी दोन पैसे ज्या दिवशी कारखान्याच्या दरपत्रकात येतील, त्या दिवशी ते प्रबोधन जास्त उपयोगी पडेल.

माती सुधारते आहे का, हे पाहायला प्रयोगशाळा रोज लागत नाही. पावसाळ्यात फावड्याने वीतभर खड्डा घेऊन गांडुळे मोजावीत. वाळलेले ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात अलगद सोडावे: जिवंत मातीचे ढेकूळ बराच वेळ टिकते, मेलेल्या मातीचे लगेच विरघळते आणि पाणी दिवसभर गढूळच राहिले तर सोडियमची शंका घ्यावी. बूड नसलेला डबा जमिनीत रोवून लिटरभर पाणी ओतावे आणि मुरायला किती मिनिटे लागतात ते दर वर्षी त्याच महिन्यात टिपावे. सुती कापडाचा तुकडा दोन महिने पुरून ठेवावा. जिवाणू भरपूर असतील तर वर काढताना फक्त चिंध्या हाती येतात. सुरतेच्या बाजारातले साडीचे कापड यासाठी चालणार नाही. ते बहुधा पॉलिएस्टर असते आणि नातवंडांच्या काळातही तसेच निघेल. या चारही नोंदी त्याच रानाच्या आदल्या वर्षाशी ताडायच्या असतात. शेजाऱ्याच्या रानाशी तुलना करून काही हाती लागत नाही.

हे पुस्तक मराठीत आणि सुरतेवर का, असे कुणी विचारील. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. लूमवर, मिलमध्ये, दुकानात काम करतात. आणि त्यांतल्या कित्येकांचे चार-पाच एकर अजून शिरपूर, साक्री, अमळनेरकडे आहेत. तापीलाइनच्या गाडीने ते पेरणीला आणि लग्नसराईला जातात, बाकीचे शेत फोनवर चालते. जमीन निमबटाईने दिलेली असते आणि बोली असते एका वर्षाची. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे राहील की नाही हे बटाईदाराला ठाऊक नसते. तो पऱ्हाटी कुजवत का बसेल? तो उपटतो, बांधावर रचतो, पेटवतो. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी राहते हे खरे, त्यामुळे ती उभी ठेवता येत नाही. पण यंत्राने कुट्टी करून कुजवता येते. त्या कुट्टीचा खर्च मालक देत नाही आणि तिचा फायदा बटाईदाराला मिळत नाही.

जास्त वर्षांची बोली करायला मालक घाबरतो. १९४८ चा कुळकायदा आणि कसणाऱ्यालाच मालक ठरवणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन त्याच्या आजोबांनी पाहिलेला असतो. कूळ लागेल ही धास्ती घरात मुरलेली आहे. तिच्यावर तोंडी समजुतीने मार्ग निघत नाही. तलाठ्याकडे काय नोंदवायचे, वर्षा-वर्षाच्या करारातच पालापाचोळा रानात ठेवण्याची अट आणि कुट्टीचा निम्मा खर्च कसा लिहायचा, बटाईदार बदलला तर त्याने वाढवलेल्या कसाचा मोबदला कसा द्यायचा, हे वकिलाला विचारून करायचे काम आहे. सुरतेत राहणाऱ्या मालकाने जीवामृताचा ड्रम विकत घेण्याआधी हा कागद करून घ्यावा. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्याच कागदाबद्दल आहे. ज्यांचे शेत बटाईवर आहे, त्यांनी वाचायला तिथून सुरुवात केली तरी हरकत नाही.